३२१५०३१७५१

मूळ संख्या ओळखणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. संख्या ३२ बिटांत मावणाऱ्या, म्हणजे ४२९४९६७२९५ पर्यंतच्या. पद्धत मिलर-राबिन चाचणीची: २, ३, ५, ७ हे चार पाये घ्यायचे, प्रत्येकाचा ठरावीक घात करून दिलेल्या संख्येने भागायचं आणि बाकी बघायची. पडताळणीसाठी मी एराटोस्थेनिसची जुनी, बिनचूक चाळणीही (मूळ संख्यांच्या पटी खोडत जाण्याची पद्धत) लावली आणि दोन्हींचे निकाल रात्रभर ताडायला ठेवले.

सकाळी स्क्रीनवर एकच ओळ होती. चार अब्जांहून अधिक संख्यांत फक्त ३२१५०३१७५१ वर मतभेद. चाचणी म्हणत होती मूळ, चाळणी म्हणत होती संयुक्त.

शंभर चुका निघाल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण पटकन सापडतं. एकुलती एक चूक फार छळते. संख्या २१४७४८३६४७ च्या, म्हणजे चिन्हासहित ३२ बिटांच्या मर्यादेच्या पुढची, म्हणून पहिला संशय ओव्हरफ्लोवर, म्हणजे संख्या जागेत न मावून बिघडण्यावर. दोन तास त्यातच गेले, हाती काही लागलं नाही. शेवटी कागद-पेन घेऊन भागायला बसलो. अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ ने भाग नाही. ७ नाही, ११ नाही, १३ नाही... पान भरत आलं तेव्हा १५१ ने बाकी शून्य आली. भागाकार २१२९१६०१. त्याला पुढे ७५१ ने भाग गेला आणि २८३५१ उरले, तेही मूळ. चाळणी खरी होती. आणि आमच्या प्रोग्राममध्येही गणिताची चूक नव्हती!

तिन्ही अवयवांतून एकेक वजा केला: १५०, ७५०, २८३५०. तिघांनीही ३२१५०३१७५० ला निःशेष भाग जातो, शिवाय एकही अवयव दोनदा येत नाही. कोर्सेल्टने १८९९ मध्ये सांगितलेली हीच ती अट. म्हणजे ही कारमायकेल संख्या, संयुक्त असूनही फर्माच्या साध्या चाचणीला (मूळ संख्या ओळखण्याच्या घात-बाकीच्याच सोप्या पद्धतीला) हमखास चकवणारी. पण मिलर-राबिन तर त्याहून कडक! कुठल्याही विषम संयुक्त संख्येला फार तर एक चतुर्थांश पाये फसतात. नेमके आमचे चारही त्यातले कसे?

त्याचं उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. इथे सगळा निकाल १६०७५१५८७५ व्या घातावर ठरतो, आणि तिथे प्रत्येक अवयवाने भागल्यावर +१ किंवा −१ उरतो. पाया २ किंवा ५ असेल तर तिन्ही अवयव +१ देतात. ३ किंवा ७ असेल तर तिन्ही −१. चारही वेळा एकमत, म्हणून संख्या मूळ वाटते. ११ घातला की १५१ कडून +१ येतो, बाकी दोघांकडून −१, आणि बिंग फुटतं.

पॉमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की या चारही पायांना फसवणारी संख्या २५ अब्जांच्या आत ही एकच आहे. आम्ही पाये बदलून २, ७, ६१ घेतले. ४७५९१२३१४१ च्या खाली तेवढे पुरतात. रात्री पुन्हा ताडणी लावली. सकाळी यादी रिकामी होती.