उन्हाळी बॅचला उतरण्याआधी

एप्रिल लागला की पोहण्याच्या टँकवरच्या बॅचेस भरतात. एरवी ज्या लेनमध्ये दोघं-तिघं असतात तिथे मे महिन्यात आठ-दहा डोकी दिसतात, आणि त्यातली बरीचशी पहिल्यांदाच पाण्यात उतरलेली असतात. हात कसा टाकायचा, श्वास कधी घ्यायचा हे कोच शिकवतो. पंचेचाळीस मिनिटं त्याच पाण्यात असलेल्या बाकीच्यांशी कसं वागायचं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

पाण्यापासून सुरुवात करू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल टँकमध्ये सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावतं. ते रोज बदलत नाहीत. तेच पाणी पंपाने वाळूच्या फिल्टरमधून फिरवतात. एवढं सगळं पाणी एकदा फिरवायला समजा सहा तास लागतात. पण गाळलेलं पाणी पुन्हा टँकमध्येच मिसळत राहतं, त्यामुळे सहा तासांत प्रत्यक्षात ६३ टक्क्यांच्या आसपासच पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं. बारा तासांत ८६ टक्के, अठरा तासांत ९५ टक्के. म्हणजे सकाळी सहाच्या बॅचने सोडलेल्या मळाचा साधारण सातवा हिस्सा संध्याकाळी सहाच्या बॅचलाही पाण्यातच भेटतो. आणि हे झालं फक्त गाळाचं. घाम आणि लघवी पाण्यात विरघळतात, त्यांना वाळू अडवतच नाही. तिथे क्लोरीनलाच झुंजावं लागतं.

टँकमध्ये मोकळा, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ असायला हवा. घाम-लघवीशी क्लोरीनची गाठ पडली की त्याचा क्लोरामाइन होतो. टँकवर शिरताच नाकात जाणारा तो उग्र वास, डोळ्यांची आग, पोहताना येणारा खोकला, हे सगळं मुख्यतः या क्लोरामाइनमुळे. वास तीव्र आला की ‘आज क्लोरीन भरपूर घातलाय, पाणी स्वच्छ असणार’ असं अनेकजण समजतात. खरं तर तो वास क्लोरीन मळावर खर्च होत असल्याची खूण आहे. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना अशा दिवशी काठावर बसूनही धाप लागू शकते.

पीएचकडेही लक्ष हवं. पीएच ७.२ असताना क्लोरीनचा साधारण दोन-तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. पीएच ८ वर गेला की तोच भाग पावाच्या आसपास उतरतो. पावडर तितकीच घातलेली असते, काम मात्र निम्म्याहून कमी होतं. टँकच्या ऑफिसात दोन नळ्यांचा छोटा टेस्ट किट असतो. एका नळीत ओटीओ या रसायनाचे थेंब टाकले की क्लोरीननुसार पिवळा रंग येतो, दुसरीत फिनॉल रेड या रसायनाने पीएचनुसार पिवळ्यापासून लाल-गुलाबीपर्यंत. ओटीओचा रंग थेंब टाकल्या टाकल्या बघायचा. रेंगाळलात तर क्लोरामाइनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. बॅच सुरू होण्याआधी हे दोन आकडे फळ्यावर लिहिलेले असावेत, आणि नसतील तर विचारावेत. विचारणारे चार सभासद असले की टेस्ट रोज होते.

शॉवर का घ्यायचा, हे यावरून कळावं. डोक्यावर दोन तांबे ओतल्यासारखं करून पळायचं नाही. निदान एक मिनिट, काखा, पाय आणि पार्श्वभाग नीट चोळून धुवायचे; घाम, पावडर, डिओ यांतला बराचसा भाग त्या एका मिनिटात निघून जातो. आपल्याकडची खास अडचण म्हणजे डोक्याला चोपडलेलं खोबरेल. तेल पाण्यावर तरंगतं, काठाच्या टाइल्सवर पाण्याच्या रेषेला करडा चिकट पट्टा धरतो तो याचाच, आणि फिल्टरच्या वाळूत गेलं की वाळूचे गोळे होतात. केसांची काळजी वाटत असेल तर आदल्या रात्री तेल लावू नका. टोपी घालण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा. भिजलेले केस टँकचं पाणी कमी शोषतात, त्यामुळे केसांसाठीही हेच बरं.

काठाच्या गटारात थुंकणं आणि नाक शिंकरणं हा असाच एक समज. तिथे थुंकलं की घाण बाहेर गेली असं वाटतं. बऱ्याच टँकमध्ये त्या गटारातलं पाणी बॅलन्सिंग टाकीत (काठावरून सांडलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीत) जाऊन फिल्टरमार्गे परत आपल्याच तोंडाशी येतं. नाक साफ करायचं असेल तर वर येऊन बेसिनवर जा.

जुलाब होत असतील तर पाण्यात उतरायचंच नाही, आणि या बाबतीत सवलत नाही. १ पीपीएम क्लोरीनमध्ये ई-कोलायचे जंतू मिनिटाभरात मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवसांहून जास्त तग धरतो. डॉक्टरांनी त्याचं निदान केलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे त्याने टँकमध्ये उतरायचं नाही. लहान मुलाने पाण्यात शी केली तर लाजेने झाकू नका, लगेच लाइफगार्डला सांगा. घट्ट शी असेल तर सगळ्यांना बाहेर काढून, ती उचलून, पीएच ७.५ किंवा त्याखाली आणि क्लोरीन २ पीपीएम ठेवून २५ मिनिटं थांबलं की काम भागतं. पातळ असेल तर २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावा लागतो. एका कुटुंबाने सांगितलं नाही, तर पुढच्या बॅचमधली मुलं ते पाणी गिळतात.

कॉस्च्युमचा नियम कापडाचा आहे, लांबीचा नाही. नायलॉन किंवा लायक्रा हवं. मग ते घोट्यापर्यंत असलं तरी चालतं. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचा रंग आणि धागे फिल्टरमध्ये जातात. कॉस्च्युमच्या आत दिवसभर घातलेली अंडरवेअर तशीच ठेवणं म्हणजे शॉवर न घेण्यासारखंच. कमरेची नाडी आत खोचा आणि मोकळे केस टोपीत घ्या, कारण तळाच्या जाळीजवळ पाणी खेचलं जातं. जाळी तुटलेली किंवा हललेली दिसली तर त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरू नये आणि पंप लगेच बंद करायला सांगावा.

उतरण्याआधी एक गोष्ट काठावर उभं राहून स्वतः बघा: सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसते का? ती धूसर दिसत असेल तर तळाशी गेलेलं माणूसही दिसणार नाही. गढूळ पाण्यात लाइफगार्ड कितीही चांगला असला तरी त्याचे डोळे निकामी होतात. अशा दिवशी बॅच रद्द करा म्हणणं हा हट्ट नाही.

आता लेन. एका लेनमध्ये तिघं किंवा जास्त असतील तर गोल फिरायचं: तळाच्या काळ्या पट्टीच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. कोणत्या बाजूने, हे टँकवर जे चालू असेल ते मिनिटभर बघून ठरवा आणि मगच उतरा. आधीच्याने भिंत सोडल्यावर निदान पाच सेकंद थांबून निघा, नाहीतर पहिल्या दहा मीटरमध्येच तुमचा हात त्याच्या तळपायावर पडतो. पुढे जायचं असेल तर तळपायाला बोटाने एकदा हलकं टेकवा; त्याने पुढच्या भिंतीशी कोपऱ्यात सरकून वाट द्यायची. मधेच वेग वाढवून मधल्या पट्टीवरून ओव्हरटेक केलं की समोरून येणाऱ्याच्या कपाळाशी कपाळ आपटतं. बॅक करणाऱ्याला, म्हणजे उताणं पोहणाऱ्याला, तर समोरचं दिसतच नाही. भिंतीआधी ५ मीटरवर झेंड्यांची दोरी असेल तर तिथून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते मोजून ठेवा. ब्रेस्ट स्ट्रोकचा पाय बाजूला रुंद पडतो, बटरफ्लायचे हात त्याहून रुंद. गर्दीच्या लेनमध्ये बटरफ्लाय नकोच. नखं कापलेली हवीत, घड्याळ आणि अंगठ्या बॅगेत.

दम लागला तर भिंतीशी थांबा, पण कोपऱ्यात. सहाजण भिंतीचा मधला भाग अडवून गप्पा मारत असतील तर येणाऱ्याला टर्न घ्यायला जागाच उरत नाही. लेनच्या दोरीवर लोंबकळू नका. तिची तार ताणून तुटते आणि प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या तुटक्या कडा बोटं कापतात. नवशिक्यांनीही संकोच करू नये. वेग कमी असणं हा दोष नाही. फक्त भिंतीलगतच्या लेनमध्ये राहा, म्हणजे हात लांबवला की धरायला काठ मिळतो.

गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले अनेकजण टँकवर येतात आणि ते उत्तम पोहतात. डबा किंवा भोपळा पाठीला बांधून शिकलेल्या माणसाचा दम मोठा असतो. पण विहिरीची एक सवय टँकमध्ये घातक ठरते: कुठूनही सूर मारणं. विहिरीत खाली दोन-तीन पुरुष पाणी असतं. टँकचा उथळ भाग साडेतीन-चार फुटांचा. डोक्याकडून सूर मारायला निदान ९ फूट खोली हवी. त्याहून कमी पाण्यात डोकं तळाला लागलं की मानेचे मणके मोडतात आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. मुटका मारताना स्वतःला फारसा धोका वाटत नाही, पण खाली पोहणाऱ्याच्या पाठीवर साठ-सत्तर किलो वजन आदळतं. काठावर लिहिलेली खोली वाचा, पाण्यात बघा, आणि उथळ भागात पाय खाली सोडून शिडीनेच उतरा.

‘कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो’ हा मुलांचा आवडता खेळ. त्याआधी पाच-दहा लांब श्वास जोरजोरात घ्यायची युक्ती मुलंच एकमेकांना शिकवतात. जीव जातो तो याच युक्तीने. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. जोरजोरात श्वास घेतल्याने तो आधीच कमी होतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो तरी कासावीस होत नाही, आणि मूल कुठलीही धडपड न करता बेशुद्ध पडतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, अजून खेळतंय. हा खेळ दिसला की थांबवा, मुलं कुणाचीही असोत.

बुडणारा माणूस ‘वाचवा’ म्हणून हात हलवेल अशी आपली समजूत असते. न्यूयॉर्कचे लाइफगार्ड फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून दाखवलं की असं सहसा घडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेशी वर-खाली होतं, वर असताना जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायला हवा उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हात वर करणं जमत नाही. शरीर उभं असतं, पाय मारणं थांबलेलं असतं, डोकं मागे पडतं, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला सारले जात नाहीत. असं २० ते ६० सेकंद चालतं, मग माणूस खाली जातो. शंका आली तर विचारा, ‘ठीक आहेस ना?’ उत्तर आलं नाही तर लगेच हालचाल करा.

म्हणूनच लहान मुलासोबत आलेल्या पालकाने हात लांबवला की मूल हाताशी लागेल एवढ्या अंतरावर राहायचं. दंडाला घालायच्या हवेच्या विंगा आणि ट्यूब ही खेळणी आहेत. ट्यूबमधून मूल निसटतं किंवा उलटं होऊन डोकं खाली अडकतं. काठावर फोनमध्ये बघत बसणं तर नकोच, आणि व्हिडिओ काढणंही टाळा: तुमच्या मुलाच्या मागे दुसऱ्यांच्या मुली आणि बायका कॉस्च्युममध्ये असतात, त्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. शिकवणाऱ्यांनीही पोटाखाली हात देण्याआधी ‘आता आधार देतोय’ असं सांगून मगच हात लावावा. आणि लाइफगार्डशी गप्पा मारायला उभे राहू नका. दहा सेकंदांत त्याची नजर त्याच्या पूर्ण भागावरून फिरायला हवी, त्यापुढच्या वीस सेकंदांत तो बुडणाऱ्यापाशी पोचायला हवा.

कुणी बुडताना दिसलं आणि तुम्हाला बचावाचं शिक्षण नसेल, तर उडी मारू नका. घाबरलेला माणूस हाताला येईल त्याच्यावर चढतो आणि दोघं जातात. ओरडून लाइफगार्डला बोलावा, काठावर पालथं झोपून बांबू पुढे करा. बांबू नसेल तर टॉवेल, किक बोर्ड, काहीही. रिंग फेकायची असेल तर माणसाच्या पलीकडे फेका आणि दोरीने त्याच्याकडे ओढा.

वर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. त्याने पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि मोलाचा वेळ वाया जातो. हाक मारा, श्वास तपासा, कुणाला तरी १०८ लावायला सांगा. श्वास नसेल तर डोकं मागे, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. बुडलेल्या माणसाला आधी हवा हवी असते, म्हणून सुरुवात श्वासाने: अमेरिकी पद्धतीत २, युरोपीय पद्धतीत ५. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब. मदत पोचेपर्यंत किंवा माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नका. उलटी झाली तर मान एका कुशीवर वळवून तोंड बोटाने पुसा आणि पुढे चालू ठेवा. उथळ पाण्यात सूर मारून पडला असेल तर डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवूनच हलवा.

शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो: खोकला थांबत नाही, श्वास जलद होतो, ओठ निळसर पडतात. डॉक्टरांना द्यायला तीन गोष्टी लक्षात ठेवा: अंदाजे किती वेळ पाण्याखाली होता, काढला तेव्हा श्वास होता का, आणि सीपीआर (वर सांगितलेले श्वास आणि छातीवरचे दाब) किती मिनिटं दिला.