गल्ल्यातले ७४५ रुपये

डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या पटांगणात आनंद मेळावा भरायचा ठरला की निम्म्या वर्गाला एकदमच भेळ सुचते. उरलेल्यांना वडापाव. लिंबू सरबत एखाद्यालाच सुचतं आणि दुपारच्या उन्हात सगळी गर्दी त्याच्या टेबलाशी होते. मागणी-पुरवठ्याचा धडा एवढ्यात उरकतो. खरी गंमत शेवटी, गल्ला मोजताना असते. बिस्किटांचा डबा उपडा होतो, चुरगळलेल्या नोटा सरळ केल्या जातात आणि कुणीतरी ओरडतं, "सातशे पंचेचाळीस नफा!"

तिघांचा भेळीचा स्टॉल आणि ५० द्रोणांची तयारी धरू. भाव गावोगाव वेगळे असणार. हिशेबापुरते असे: चुरमुरे एक किलो ९० रुपये, फरसाण एक किलो २००, कांदे दीड किलो ४५, टोमॅटो किलोभर ३०, कोथिंबीर-मिरची-लिंबं २५, चटणीसाठी चिंच-गूळ ५०, द्रोण ४०. एकूण ४८०, म्हणजे द्रोणामागे ९ रुपये ६० पैसे. हा बदलता खर्च. शाळेने टेबलाचे घेतलेले ५० आणि कार्डशीट-रंगांचे ४० मिळून ९० रुपये हा स्थिर खर्च. एक द्रोण विका नाहीतर पन्नास, तो हलत नाही. भाव १५ ठेवला तर द्रोणामागे ५ रुपये ४० पैसे सुटतात. ९० ला ५.४० ने भागलं की सतराव्या द्रोणाला ना नफा ना तोटा.

हे झालं पुस्तकातलं. पुस्तक धरून चालतं की न विकलेल्या भेळीवर खर्चच झालेला नाही. इथे तर सामान आदल्या संध्याकाळीच आलंय, कांदा सकाळी चिरून झालाय. ५७० रुपये गेलेले आहेत आणि ते पंधरा-पंधराने परत यायला ३८ द्रोण खपावे लागतात. सतरा आणि अडतीस यांच्यामधल्या धोक्यात मंडईतला भाजीवाला रोज उभा असतो. धोका कमी करायचा तर कांदा-टोमॅटो आधी निम्मेच चिरायचे आणि फरसाणाचं दुसरं पाकीट गरज पडेपर्यंत फोडायचं नाही. ते घरी खपतं. पातेलंभर भेळ एकदम कालवून ठेवणं हा तर हमखास घोटाळा. चुरमुरे बघता बघता सादळतात आणि लगदा कुणी फुकटही घेत नाही.

गर्दीच्या वेळी अडतं ते कालवणाऱ्यापाशी. एका द्रोणाला एक मिनिट लागलं तर पाऊण तासाच्या सुट्टीत ४५ द्रोण, मग मागणी शंभराची का असेना. अशा वेळी बाकीचे दोघे 'या या, गरमागरम भेळ' असं ओरडत बसण्यात अर्थ नाही (भेळ गरमागरम नसते, हा भाग वेगळा). एकाने चुरमुरे-फरसाण मोजून द्यावं, एकाने कालवावं, एकाने फक्त पैसे घ्यावेत. नोटांचा हात भेळीत जाऊ नये यासाठीही ते बरं. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं, त्यात कामं वाटून घेतलेली दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करत होती. भेळीला इतकी धाव नाही, पण रांग नक्की पुढे सरकते.

शेवटच्या वीस मिनिटांत भाव पाडावा का? चिरलेल्या कांद्याचे पैसे आता परत येणार नाहीत, भेळ विका किंवा टाका. म्हणून १० रुपयेही चांगलेच. फक्त पोरं हुशार असतात. यंदा भाव पडला की पुढच्या वर्षी सगळी शेवटच्या वीस मिनिटांची वाट बघत उभी राहतात. त्यापेक्षा 'दुसरा द्रोण १० ला' हा फलक सकाळीच लावावा. पोट अर्धं भरलेल्याला दुसऱ्या द्रोणाची किंमत कमीच वाटते. बारावीच्या पुस्तकातली घटती सीमान्त उपयोगिता ती हीच.

आता तो गल्ला. समजा ३६ द्रोण १५ ने गेले, ८ द्रोण १० ने, २ सरांनी आणि बाईंनी 'चव बघायला' घेतले आणि ४ तिघा मालकांनीच फस्त केले. विक्री झाली ५४० अधिक ८०, म्हणजे ६२० रुपये. मग डब्यात ७४५ कुठून? सुट्ट्यांसाठी सकाळी घरून आणलेले २०० रुपये त्यात मिसळलेत. उलट ६० रुपये क्यूआर कोडवरून कुणाच्या तरी बाबांच्या खात्यात गेलेत, आणि १५ रुपये 'उद्या देतो' या बोलीवर आठवी 'ब'मध्ये आहेत. गल्ला म्हणजे विक्री नव्हे आणि विक्री म्हणजे नफा नव्हे.

६२० मधून ५७० वजा जाता ५० उरतात. मालकांनी खाल्लेली भेळ मात्र तोटा धरायची नाही. ती उचल, म्हणजे मालकांनी नफ्यातून आधीच घेतलेला वाटा. तो ५० मध्ये परत मिळवायचा, आणि तोही विक्रीच्या भावाने नाही, खर्चाच्या भावाने: चार द्रोणांचे ३८ रुपये ४० पैसे. सरांचे द्रोण जाहिरातीत. म्हणजे नफा ८८ रुपये ४० पैसे. तोही चटणी वाटून देणाऱ्या आईचे दोन तास फुकट धरले तर. त्या दोन तासांची मजुरी लावली की बहुतेक स्टॉल तोट्यात जातात, आणि 'सर्वाधिक नफा' हे बक्षीस बऱ्याचदा ज्याच्या घरून सर्वाधिक सामान फुकट आलं त्याच्याकडे जातं. परीक्षकांनी खरेदीच्या पावत्या मागाव्यात.

वाटणीत भांडण ठरलेलं. एकाने ३०० रुपये घातलेत, एक तर बाराला उगवलाय. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा सांगतो की वेगळा करार नसेल तर नफा सारखा वाटायचा, आणि राबण्याचा पगार मागता येत नाही. अठरा वर्षांखालच्याला मुळात भागीदारच होता येत नाही, पण ते मुलांना सांगू नये. तर प्रत्येकी २९ रुपये ४६ पैसे. ज्याने दोन द्रोण खाल्ले त्याचे १९ रुपये २० पैसे आधीच पोटात, हातात १० रुपये २६ पैसे. आणि तेही आज नाही. घरून आलेले ५७० आणि सुट्ट्यांचे २०० असे ७७० परत करायचेत, डब्यात आहेत ७४५. नफ्यातल्या या स्टॉलला आज २५ रुपये कमी पडतायत, कारण बाबांनी अजून ६० काढून दिलेले नाहीत आणि आठवी 'ब' उद्या गॅदरिंगच्या सुट्टीवर आहे.