पुढची गाडी कोणी सोडायची?

पुण्यात कोथरूड, एरंडवणे भागांत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामे जागोजागी चालू आहेत. तळघरातल्या पार्किंगसाठी प्लॉट कडेपर्यंत खोदलेला असतो, त्यामुळे साहित्य ठेवायला जागाच उरत नाही. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे निर्बंध, यांतून जो वेळ उरेल त्यातच सगळे आत आणावे लागते. अशा साइटवर माल कधी यावा हे तो उतरवून घेणाऱ्याने ठरवावे, खरेदी विभागाने किंवा पुरवठादाराने नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

स्लॅबचा दिवस घ्या. साठ घनमीटरचा स्लॅब म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या सहा घनमीटरच्या दहा मिक्सर गाड्या. गल्लीत उलटी घेऊन पंपाला लावणे धरून एक गाडी रिकामी व्हायला पंचवीस मिनिटे लागत असतील आणि काँक्रीटचा प्लँट पन्नास मिनिटांच्या अंतरावर असेल, तर पंपावर एक आणि वाटेवर दोन भरलेल्या गाड्या पुरतात. प्लँटवाला मात्र स्वतःच्या सोयीने तीन गाड्या लागोपाठ सोडतो. भारतीय मानक ४९२६ प्रमाणे गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत माल उतरायला हवा. वाहतुकीत अडकून आलेली तिसरी गाडी रांगेत उभी राहिली की स्लंप, म्हणजे काँक्रीटचा प्रवाहीपणा, घसरतो, आणि कोणाचे लक्ष नसले तर ड्रायव्हर ड्रममध्ये बिनदिक्कत पाणी सोडतो. त्यानंतर तासभर एकही गाडी येत नाही आणि स्लॅबमध्ये कोल्ड जॉइंट, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पडतो. म्हणून चलनावरची माल भरल्याची वेळ तपासणारा माणूस पंपाजवळच उभा असावा आणि एक गाडी रिकामी होऊ लागली की प्लँटवरून पुढची सोडण्याचा निरोपही त्यानेच द्यावा.

सळईचे दुखणे निराळे आहे. बारा मीटरची सळई घेऊन ट्रेलर गल्लीत वळत नाही, म्हणून ती मधोमध वाकवून पाठवतात आणि साइटवर पुन्हा सरळ करत बसावे लागते. त्यापेक्षा बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे, म्हणजे प्रत्येक सळईची लांबी आणि आकार देणाऱ्या यादीप्रमाणे, यार्डातच कापून-वाकवून, मजला आणि कॉलम यांचे बिल्ले लावलेल्या मोळ्या मागवाव्यात. टनामागे दर थोडा चढतो, पण बार बेंडरच्या बाकाची जागा मोकळी होते आणि तुकड्यांचा ढीगही साचत नाही.

स्टॉकहोममध्ये हामार्बी शोस्टाड ही वसाहत उभी राहताना निरनिराळ्या ठेकेदारांच्या छोट्या खेपा एका सामाईक केंद्रात एकत्र करून मग साइटवर पोचवल्या जात. आपल्याकडे एवढी शिस्त इतक्यात येईल असे मला वाटत नाही. तरीही एकाच रस्त्यावर तीन विकसकांची कामे चालू असतील, तर त्यांच्या इंजिनिअरांनी निदान स्लॅबच्या तारखा आठवडाभर आधी एकमेकांना कळवायला काहीच हरकत नाही. त्या यादीत राडारोडा नेणारे डंपरही घ्यावेत, कारण गल्लीच्या तोंडाशी मिक्सरची वाट बहुतेक वेळा तेच अडवून उभे असतात.