भाजी निवडताना टिम माया

भाजी निवडताना लावायची गाणी वेगळी असतात. ओळखीची हिंदी गाणी लावली की मन शब्दांमागे जातं आणि मेथीच्या पानांबरोबर देठंही पातेल्यात पडतात. ख्याल लावला तर हातच विलंबित होतो आणि जेवायला अडीच वाजतात. मला अशा वेळी न कळणाऱ्या भाषेतलं, पण ठेक्याला पक्कं असं काहीतरी लागतं. सध्या ती जागा टिम माया या ब्राझिलियन गायकाच्या 'रासिओनाल' या अल्बमने पटकावली आहे. साल १९७५. सोल आणि फंक, म्हणजे काळ्या अमेरिकेचं ठेकेदार संगीत, तेही पोर्तुगीजमध्ये. बास गिटार अशी ठाम पावलं टाकते की जुडी कधी संपली कळत नाही.

शब्द कळत नव्हते तोवर सगळं झकास होतं. मग न राहवून अर्थ शोधला आणि हसावं की काय करावं कळेना. इतके दिवस ज्यावर मान डोलावली ते गाणं सांगत होतं, पुस्तक वाचा. पुढचं गाणंही तेच सांगत होतं. मध्येच एक चिमुकली गुरुस्तुती. शेवटचं गाणं इंग्रजीत आणि चांगलं बारा मिनिटांचं, म्हणजे परदेशी माणसानेही पुस्तक वाचायचं राहू नये. दोन गाण्यांच्या तर नावातच त्या पुस्तकाचं नाव आहे. थोडक्यात काय, अख्खा अल्बम म्हणजे एका पंथाचं प्रचारपत्रक.

हा टिम माया मुळात प्रचारक वगैरे अजिबात नव्हे. खरं नाव सेबास्तियांव रोद्रिगिस माया. गोव्यात जन्मला असता तर बस्त्यांव झाला असता. जन्म १९४२चा, रिओ द जानेरोच्या तिजुका भागातला. घरचा खाणावळीचा धंदा होता आणि घरोघरी डबे पोचवायचं काम या पोराकडे. त्यावरून 'डबेवाला' हे टोपणनावही चिकटलं. त्याच भागातल्या टोळक्यात रोबेर्तो कार्लोस आणि जोर्जे बेन होते, म्हणजे पुढे ब्राझीलभर गाजलेली नावं. १९५७ मध्ये टिम आणि रोबेर्तो एकाच बँडमध्ये गात, बँडचं नाव 'स्पुतनिक्स'. वडील गेल्यावर १९५९ मध्ये टिम अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाउन गावात राहिला. सोल संगीत त्याच्या अंगात भिनलं ते तिथे. गांजासकट पकडला गेला आणि अमेरिकेने त्याला परत धाडलं. पण जाताना रिकामा गेलेला पोरगा येताना काळ्या अमेरिकेचं सगळं संगीत कानात भरून घेऊन आला होता. १९७० च्या पहिल्याच अल्बमने तो स्टार झाला. दारू, गांजा, कोकेन आणि स्वतःच्याच कार्यक्रमाला दांडी मारणं, या सगळ्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

१९७४ मध्ये तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी मोठा दुहेरी अल्बम करत होता. संगीत बरंचसं रेकॉर्ड झालं होतं, शब्द व्हायचे होते. तेवढ्यात एका मित्राच्या घरी त्याच्या हाताला एक पुस्तक लागलं, 'उनिव्हेर्सो एम देझेन्कांतो'. मोहभंग झालेलं विश्व. लिहिणारे मानोएल जासिन्तो कोएल्यो, 'कुल्तुरा रासिओनाल' या पंथाचे गुरू. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: आपण सगळे मूळचे एका उच्च, विवेकी जगातले रहिवासी, तिथून घसरून या पशुपातळीवर आलो. पुस्तक नियमाने वाचलं की माणसाला जणू लस टोचली जाते आणि परतीचा रस्ता खुला होतो. यात उडत्या तबकड्याही कुठेतरी आहेत. पुस्तकाचे खंडही एकदोन नव्हेत, खंडांवर खंड.

टिमने हे सगळं जसंच्या तसं गिळलं. दारू सोडली, गांजा सोडला, मांसाहार सोडला. नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत वावरू लागला आणि बँडलाही पांढरे कपडे घालायला लावले. इतकंच नाही, वाद्यंसुद्धा पांढरी रंगवून घेतली म्हणतात. पांढरा रंग दिलेल्या गिटारचा विचार मी बराच वेळ करत बसले होते. भक्तीपायी माणसं बरंच काही करतात, पण वाद्याला ऑइलपेंट? आणि मग त्याच तयार संगीतावर त्याने नवे शब्द बसवले, सगळे गुरूचे आणि पुस्तकाचे.

आरसीएच्या लोकांची अवस्था डोळ्यांसमोर आणून बघा. प्रेमगीतांची वाट बघत बसलेत आणि हातात आलंय पारायणाचं निमंत्रण. त्यांनी अल्बम काढायला नकार दिला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी कोणीही दिला असता. टिमने टेपा विकत घेतल्या आणि स्वतःच्या कंपनीतर्फे अल्बम काढला. कंपनी 'सेरोमा', स्वतःच्या तिन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून केलेली. त्या काळात ब्राझीलमधल्या एवढ्या मोठ्या गायकाने असं करणं म्हणजे धाडसच. रेडिओने पाठ फिरवली, दुकानांत माल जाईना, तेव्हा पंथाची मंडळी दारोदार हिंडून अल्बमच्या तबकड्या विकू लागली. लहानपणी डबे घेऊन दारोदार फिरलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटलं नसेल.

यात मला कोड्यात टाकते ती एक गोष्ट: अल्बम अफाट चांगला आहे. पहिलंच गाणं घ्या. निसर्ग अनुभवणं किती सुंदर, अशा अर्थाचं साधं धृपद, तालाला थोडासा झोल आणि वर तो रुंद, जाड, गुळगुळीत आवाज. 'बोम सेन्सो' या गाण्यात तो आधी स्वतःचे जुने धंदे आठवतो, अगदी सावकाश, बासच्या कलाने, आणि हळूहळू उपदेशावर येतो. त्या वळणावर मला दर वेळी पटतं की याला खरंच काहीतरी सापडलंय. गाणं संपलं की पटलेलं उतरतं.

आमच्याकडे देवाचं नाव न घेणारी माणसंही आषाढीला भीमसेनांची संतवाणी लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. विठ्ठल नको, पण विठ्ठलासाठी ताणलेला तो सूर हवा. मी 'रासिओनाल' ऐकते तेही तसंच म्हणायचं. फरक इतकाच की अभंगातली श्रद्धा शतकानुशतकं मुरलेली आणि टिमची म्हणजे काल घातलेलं लोणचं, फोडी अजून करकरीत. पण त्या करकरीतपणाचीच तर गंमत आहे. नवा भक्त जितक्या आवेशाने सांगतो तितका मुरलेला सांगत नाही.

आवाजाचं श्रेय गुरूला द्यायचं की व्यसनमुक्तीला, हा वाद चाहत्यांत चालतोच. माझं मत व्यसनमुक्तीच्या बाजूने. आयुष्यात एवढा स्वच्छ, एवढा लांब श्वास त्याला आधीही मिळाला नव्हता आणि नंतरही फारसा मिळाला नाही. पण व्यसन सोडायला तरी काही कारण लागतं. डॉक्टरांचं ऐकणाऱ्यांतला तो नव्हे. उडत्या तबकड्यांचं ऐकलं.

भक्ती टिकली जेमतेम वर्षभर. १९७५ सरायच्या आतच टिमचं गुरूवरून मन उडालं. आपण फसवले गेलो, असं म्हणत तो तावातावाने बाहेर पडला. अल्बमचा दुसरा खंड १९७६ चा, म्हणजे भक्तीची लाट ओसरल्यानंतरचा. मग त्याने या गाण्यांचं नावच टाकलं. कार्यक्रमात ती गायची नाहीत, अल्बम पुन्हा काढायचा नाही. दारू, मांस, सगळं परत आलं. मी पीत नाही, ओढत नाही, हुंगत नाही, फक्त अधूनमधून थोडं खोटं बोलतो, हे त्याचं वाक्य ब्राझीलमध्ये म्हणीसारखं वापरतात. गुरूवरचा राग गाण्यांवर काढायला नको होता, असं मला वाटतं. पण फसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? स्वतःच्या कंपनीची हौस मात्र त्याने सोडली नाही. १९८२ चा 'नूव्हेन्स' हा अल्बमही सेरोमाचाच, तोही चालला नाही.

१९९८ मध्ये रिओशेजारच्या नितेरोई शहरात रंगमंचावर गाता गाता त्याची तब्येत बिघडली आणि आठवड्याभरात तो गेला. जुनी तबकडी तोवर संग्राहकांच्या हव्यासाची वस्तू झाली होती. २००६ मध्ये सीडी आली. २००७ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या ब्राझील आवृत्तीने देशातले शंभर श्रेष्ठ अल्बम निवडले, त्यात 'रासिओनाल'चा पहिला खंड सतरावा. कपाटात पडून राहिलेल्या उरल्यासुरल्या गाण्यांचा तिसरा खंड २०११ मध्ये निघाला. त्याआधी २००२ मध्ये दुसऱ्या खंडातलं 'ओ कामिन्यो दो बेम' हे गाणं 'सिटी ऑफ गॉड' या सिनेमात वाजलं. गाण्याच्या नावाचा अर्थ भलेपणाची वाट, आणि सिनेमा रिओच्या वस्तीतल्या बंदूकधारी पोरांचा. गुरूला हे आवडलं असतं की नाही, ठाऊक नाही. टिमला स्टेजवरून साउंडवाल्यावर ओरडायची सवय होती: बास वाढव, ट्रेबल वाढव, मॉनिटर वाढव, सगळंच वाढव. सिनेमा बघायला तो असता तर थिएटरातही त्याने तेच केलं असतं.