आत्याचं इंजेक्शन आणि माझ्या गोळ्या

रविवार, रात्र

रविवार म्हणजे मेथोट्रेक्सेटचा, माझ्या रुमॅटॉइड संधिवाताच्या गोळीचा दिवस. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून कॅलेंडरवर लाल गोल. घेतलं की रात्री मळमळतं, झोप येत नाही. त्यात सोलापूरचा एप्रिल. पंखा नुसता गरम वारा खाली ढकलतोय.

पुण्याहून भावाचा मेसेज आलाय: "ताई, तुझ्या संधिवातावर अँटिबायोटिक चालतं म्हणे. हार्टलाही चांगलं. विचार की डॉक्टरांना."

विचारलं होतं, मागच्याच भेटीत. पहिला भाग खरा आहे. मिनोसायक्लिन हे टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या घरातलं औषध. अमेरिकेत 219 रुग्णांवर 48 आठवडे त्याचा अभ्यास झाला, 1995 साली छापून आला. सांध्यांची सूज गोळी घेणाऱ्यांपैकी 54 टक्क्यांची उतरली, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांची. मला त्यातला दुसरा आकडा जास्त आवडला. चाळीसातल्या जवळजवळ सोळांना नुसत्या खोट्या गोळीनं बरं वाटतं, तर शेजारच्या काकूंच्या काढ्याला गुण का येऊ नये! पण फरक होता, हे खरं. तो जंतू मेल्यामुळे पडला असेल असं मात्र नाही. सूज वाढवणारी आणि कूर्चा खाणारी काही विकरं (एन्झाइम) हे औषध थोपवतं, श्रेय बहुधा त्याचं. माझ्या दुसऱ्या गोळीचं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं तरी काय, मूळचं मलेरियाचंच ना. आणि सल्फासालाझिन ही संधिवाताचीच आणखी एक गोळी तर स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी संधिवात जंतूंमुळे होत असेल या समजुतीतूनच पुढे आणली. तिच्यात अर्धा भाग सल्फाचा, म्हणजे जंतूंवरच्या औषधाचा. समजूत टिकली नाही, गोळी अजून चालते.

मग मला मिनोसायक्लिन का नाही? डॉक्टर म्हणाले, "त्याहून चांगली औषधं हाताशी आहेत हो. शिवाय चक्कर येते, कातडीवर निळसर-काळे डाग पडतात, क्वचित ल्युपससारखा, शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार उठतो." एक आजार घालवायला दुसरा कशाला घरात घ्यायचा? ज्या दिवशी सकाळी कडक भाकरी हातानं मोडता येते, त्या दिवशी आहेत ती औषधं मला पुरेशी वाटतात.

हार्टचं म्हणाल तर आमच्या घरात अँटिबायोटिकनं हृदय राखलेलं मी पाहिलंय. ते आत्याचं.

आजोबा गिरणीत, चाळीत एक खोली, त्यात नऊ माणसं. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरायचा. आत्याचा धरला, दुर्लक्ष झालं, आणि काही आठवड्यांनी गुडघे सुजले. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. घरच्यांना वाटलं, वात आहे, जाईल. गेलाही. पण तो माझ्यासारखा संधिवात नव्हता, र्‍हुमॅटिक फीवर होता. डॉक्टरांमध्ये जुनं वाक्य आहे, हा आजार सांधे नुसते चाटतो आणि हृदयाला चावतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती हृदयाच्या झडपांनाच शत्रू समजते. आत्याची डावीकडची झडप तेव्हाच थोडी बिघडली.

पुढे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन, बारा लाख युनिट, कमरेत. आत्या सांगते, "दोन दिवस मांडी घालून बसता यायचं नाही गं. पण आई ओढत न्यायची. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवशी इंजेक्शन आलं, तरी आधी सिव्हिल, मग पाळणे." त्या सुईनं झडप दुरुस्त होत नव्हती. घसा पुन्हा धरू नये, आणि धरला नाही तर पुढचा चावा बसू नये, एवढंच तिचं काम. युगांडात 5 ते 17 वयाच्या 818 मुलांवर या इंजेक्शनचा अभ्यास झाला, नुकतीच झडपेला इजा दिसू लागलेली मुलं. दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी सुमारे 8 टक्क्यांचा आजार वाढला, घेणाऱ्यांपैकी एक टक्काही नाही. आत्या आज सत्तरीला आली आहे, जिना चढताना दमते, पण चढते.

माझ्या संधिवातातही हृदयाला धोका आहे, पण झडपेच्या वाटेनं नाही. सतत धुमसणाऱ्या सुजेनं रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. युरोपातले डॉक्टर धोक्याचा नेहमीचा आकडा संधिवाताच्या माणसासाठी दीडपट धरतात. मिनोसायक्लिननं हा धोका उतरतो, असं दाखवणारा भरवशाचा अभ्यास डॉक्टरांच्या माहितीत नाही. हृदयरोग्यांना अँटिबायोटिक देऊन पाहिलंय मात्र. रक्तवाहिनीतल्या क्लॅमिडिया नावाच्या जंतूमुळे झटके येतात अशी तेव्हा शंका होती. 4,012 जणांना वर्षभर दर आठवड्याला अझिथ्रोमायसिन किंवा खोटी गोळी दिली, 2005 साली निकाल आला, फरक शून्य. डेन्मार्कमध्ये तर क्लॅरिथ्रोमायसिनच्या दोन आठवड्यांच्या कोर्सनंतर हृदयविकारानं मृत्यू वाढलेले दिसले. हे कळल्यापासून मेडिकलवाल्यानं खोकल्यासाठी पुढे केलेली अझिथ्रोची पट्टी मी परत करते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अझिथ्रो एकत्र घेतल्यावर ठोक्यांची लय बिघडू शकते, हे कोरोनात सगळ्यांनीच ऐकलं होतं. विसरलो.

मला डॉक्टरांनी सांगितलं ते अगदीच बिनचमकदार: सूज काबूत ठेवा, बीपी बघा, लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करा. तपासणी बुधवारी, उपाशीपोटी.

हे सगळं भावाला लिहून पाठवलं, आत्याच्या इंजेक्शनसकट. लगेच उत्तर: "मग तू पण पेनिसिलिन घे की!"

आता याला उद्या फोन करावा लागणार.