दहावीच्या निकालाआधी आठवीचा पट विचारा

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मुंबईतल्या शाळांच्या फाटकांवर बॅनर चढतात. 'सलग पाचव्या वर्षी १०० टक्के निकाल.' मुलाला किंवा मुलीला पाचवीत, आठवीत घालायचं म्हणून शाळा शोधत फिरणारे आईवडील तो आकडा वाचतात आणि तिथूनच अर्ज घेऊन घरी येतात. शंभर टक्के, पण कितीपैकी, हे बॅनरवर नसतं. तेवढं एक विचारलं तर शाळेबद्दल जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

दहावीची परीक्षा घेणारं राज्य मंडळ टक्केवारी काढतं ती परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले याची. बॅनरवर येतो तो नियमित विद्यार्थ्यांचा आकडा. पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थी वेगळे मोजले जातात. म्हणजे जे मूल नववीत गळलं, ज्याच्या हातात दाखला दिला गेला, ज्याला बाहेरून बसायला सांगितलं, ते या हिशेबात कधी येतच नाही.

एक उदाहरण मांडून पाहू, आकडे समजण्यापुरते. 'अ' शाळेत आठवीच्या पटावर १२० मुलं होती. दोन वर्षांनी दहावीला नियमित म्हणून बसली ७८ आणि पास झाली ७६. निकाल ९७.४ टक्के. 'ब' शाळेत आठवीला ९० मुलं होती, दहावीला बसली ८६, पास झाली ७४. निकाल ८६ टक्के. बॅनर 'अ' शाळेचा लागेल. आता दोन्हीकडे आठवीचा पट छेदात घ्या. 'अ' शाळेत १२० पैकी ७६, म्हणजे ६३ टक्के. 'ब' शाळेत ९० पैकी ७४, म्हणजे ८२ टक्के. 'अ' शाळेला न्याय द्यायचा तर गावी गेलेली, घर बदललेली, खरोखर दुसऱ्या शाळेत दाखल झालेली मुलं वजा करायला हवीत. ती १४ धरली तरी १०६ पैकी ७६ होतात, म्हणजे ७२ टक्क्यांच्या आसपास. उरलेली २८ मुलं गेली कुठे?

बहुतेक वेळा उत्तर नववीत असतं, आणि ते नववीतच का असतं याला कायद्याचं कारण आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो सहा ते चौदा वयाला, पहिली ते आठवीला संरक्षण देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली, महाराष्ट्राने ती वापरलीही. पण आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कलम कायम आहे. नववीत हे छत्र संपतं. मग जी शाळा निकालाच्या आकड्यावर जगते, तिच्यासाठी नववीची वार्षिक परीक्षा गाळणी बनते. गणित आणि इंग्रजीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना बोलावलं जातं आणि दोन पर्याय ठेवले जातात: नववी पुन्हा करा, नाहीतर दाखला घेऊन १७ नंबरचा फॉर्म भरा.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा अर्ज. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, जे कामाला लागले, ज्या मुलींना घरी बसवलं गेलं, त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि फार मोलाची आहे. पण नियमित शाळेत जाणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो फॉर्म भरायला लावणं म्हणजे त्याचा वर्ग, त्याचे शिक्षक आणि त्याची रोजची हजेरी काढून घेणं. अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, त्यामुळे एकदा अर्ज गेला की मुलाचं नाव पटावरून गेलेलं असतं. पालकांना हे तेव्हा कोणी नीट सांगत नाही. असा प्रस्ताव आला तर तो शाळेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा विषय तिथेच थांबतो.

खासगी विनाअनुदानित शाळांत नववीला आणखी एक गळती असते. शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवर पहिलीला आलेल्या मुलाची फी आठवीपर्यंत शासन भरतं. नववीत पूर्ण फी घरावर येते. या जागांवर दुर्बल घटकातून येण्यासाठी उत्पन्नाची अट वर्षाला एक लाखाच्या आतली आहे. त्या घराला मुंबईतल्या खासगी शाळेची नववी-दहावीची फी कशी झेपणार? मुलं निघून जातात आणि दहावीच्या वर्गात बसलेली मुलं पहिलीच्या वर्गापेक्षा सरासरीने सुखवस्तू घरची होतात. शिकवणं तेच, निकाल वर. म्हणून खासगी शाळेला नेमकं विचारा: आठ वर्षांपूर्वी २५ टक्क्यांतून आलेल्यांपैकी आज नववीत किती आहेत?

महापालिकेच्या शाळांचं गणित उलट बाजूने बिघडतं. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. त्यातल्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत; माध्यमिक शाळा संख्येने बऱ्याच कमी. त्यामुळे एका माध्यमिक शाळेत आजूबाजूच्या तीन-चार प्राथमिक शाळांमधून मुलं येतात आणि प्रत्येक शाळेतून येणाऱ्या मुलांची वाचनाची, गणिताची तयारी वेगळी असते. त्यात दहावीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, किंवा आपल्या माध्यमाची नसेल, तर मुलीचं शिक्षण आधी थांबतं. अशा शाळेने ८० टक्के निकाल लावला, तर त्या ८० मागे दोन वर्षांचं जे काम असतं ते निवडून घेतलेल्या मुलांच्या शंभर टक्क्यांपेक्षा जास्त कष्टाचं आहे, असं आमचं स्वच्छ मत आहे.

वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना मोठा घोटाळा होतो. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. तीन वर्षांत मुलं किंवा शिक्षक एवढे बदलत नाहीत. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत दिले. २०२० ला भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही. २०२१ ला लेखी परीक्षाच नव्हती, मूल्यमापन शाळांनी केलं आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ ला कमी केलेला अभ्यासक्रम होता, जादा वेळ होता आणि परीक्षा आपल्याच शाळेत होती. एखादी शाळा २०१९ शी तुलना करून 'आमचा निकाल १८ टक्क्यांनी वाढला' म्हणत असेल तर त्यात तिचं कर्तृत्व काही नाही, राज्यभर सगळ्यांचा तेवढाच वाढला. २०२३ च्या पुढचीच वर्षं एकमेकांशी ताडून पाहा.

'मुंबई विभाग' या आकड्याशीही तुलना करू नका. मंडळाच्या मुंबई विभागात बृहन्मुंबईबरोबर ठाणे, पालघर आणि रायगड जिल्हेही येतात. जव्हारची आश्रमशाळा आणि पार्ल्याची अनुदानित शाळा एकाच सरासरीत बसलेल्या असतात.

उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा श्रेणीचे गट जास्त बोलतात. शाळेकडे मंडळाचा एकत्रित निकाल असतो. त्यात विशेष प्राविण्य (७५ टक्के आणि वर), प्रथम श्रेणी (६० च्या वर), द्वितीय श्रेणी (४५ च्या वर) आणि नुसते उत्तीर्ण (३५ च्या वर) असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात वर्गाचा तिसरा हिस्सा असेल तर ती मुलं अकरावीला कुठल्या बळावर उभी राहणार, याचा विचार करा. टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते, त्यामुळे एका विषयात, बहुधा गणितात, ३५-३८ गुण असलेल्या मुलाची टक्केवारी तरीही छान दिसते. म्हणून विषयवार सरासरी मागा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत अंतर्गत २० आणि लेखी ८० वेगळे मागा. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना अंतर्गत १९-२० आणि लेखीत मात्र १८-२० च असतील, तर ते पास होणं त्या २० गुणांवर तोललेलं आहे. चित्रकला परीक्षा आणि खेळाचे वाढीव गुणही टक्केवारीत मिळवले जातात. नव्वदीच्या वरच्या यादीत ते कोणाला मिळालेत, हेही पाहून घ्या.

आता मुलं कोण आहेत ते. यू-डायस प्लस या देशभरच्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या 'शाळेविषयी जाणून घ्या' या सोयीत शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकला की इयत्तावार पट, मुलगे-मुली, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि शौचालयं दिसतात. क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे. शाळेच्या दाखल्यावर हा क्रमांक छापलेला असतो. २०२२-२३ पासून ही नोंद विद्यार्थीनिहाय होते. तीन वर्षांचे आकडे घेऊन तिरके वाचा: पहिल्या वर्षीची आठवी, दुसऱ्या वर्षीची नववी, तिसऱ्या वर्षीची दहावी. ती एकच तुकडी आहे. उभ्या रकान्यात एकाच वर्षाची आठवी आणि दहावी ताडली तर काहीच कळत नाही. ही चूक शिकलेले लोकही करतात.

पट उतरला म्हणजे शाळेनेच मुलं काढली, असा निष्कर्ष लगेच नको. मुंबईत वस्त्याच हलतात. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत चाळ पाडली की कुटुंबं संक्रमण शिबिरात जातात. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये किंवा माहुलला पुनर्वसन झालेल्या कुटुंबांची मुलं जुन्या शाळेपासून एकदम कित्येक किलोमीटर दूर गेली. मे महिन्यात गावी गेलेली मुलं जुलैपर्यंत परतत नाहीत, काही परततच नाहीत. खरं कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात असतं. 'पालकांच्या इच्छेनुसार' हे एकच कारण नववीच्या पानांवर ओळीने उतरलेलं दिसलं तर समजायचं ते समजा.

निकाल शिकवण्याचा की टिकलेल्या मुलांचा, हाच वाद अमेरिकेत चार्टर शाळांवर तीस वर्षं चालला आहे. सरकारी पैसा, फी नाही, पण चालवणारी संस्था स्वतंत्र. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २००९ मध्ये सारख्या पार्श्वभूमीची मुलं जोडीने ताडून पाहिली, तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या आणि उरलेल्यांत लक्षणीय फरक नव्हता. सरासरी निकाल पाहून हे दिसलं नसतं. मधल्या इयत्तेत जागा रिकामी झाली तर ती भरता की तशीच ठेवता, हा प्रश्न तिथे कळीचा ठरला. जागा न भरणाऱ्या शाळेचा वर्ग दरवर्षी आकसतो, टिकलेली मुलं उरतात, निकाल चढतो.

मुंबईत याच्या सर्वांत जवळचा नमुना म्हणजे पालिकेच्या इमारतीत, पालिकेच्या सहभागाने संस्थांनी चालवलेल्या शाळा. मुक्तांगण या संस्थेचं काम २००३ मध्ये वरळीच्या ग्लोब मिल पॅसेजमधल्या पालिका शाळेतून सुरू झालं; आकांक्षा फाउंडेशनही पालिकेबरोबर शाळा चालवते. त्याशिवाय पालिकेने स्वतः मुंबई पब्लिक स्कूल या नावाने केंद्रीय आणि इतर मंडळांच्या शाळा उघडल्या: जोगेश्वरी पूर्वेला पूनमनगर, माहीमला वूलन मिल. प्रवेशाला अर्ज जास्त आले की तिथे सोडत निघते. सोडत निष्पक्ष असते, पण सोडतीच्या पेटीत चिठ्ठी कोणाची पडते हा प्रश्न उरतोच. ऑनलाइन अर्ज भरता येणारं, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा हाताशी असलेलं, मुदत लक्षात ठेवणारं घर आणि शिवाजीनगर-गोवंडीत रोजंदारीवर जाणारं, घरमालकाने भाडेकरार न दिलेलं घर एकाच वस्तीत राहूनही एकसारखे अर्जदार नसतात. या शाळांचा निकाल मोजायचा तर सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडायला हवीत. अर्जदार दोन्हीकडे तेच असल्याने घरच्या उत्साहाचा फरक गळून जातो आणि शाळेचं काम तेवढं उरतं. त्यासाठी नंबर न लागलेल्यांची यादीही जपून ठेवावी लागते. ती ठेवा, असा आग्रह शाळा व्यवस्थापन समितीत धरता येतो. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला.

शाळेने तोंडी काही सांगितलं नाही तर माहिती अधिकारात मागा. पालिका शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, खासगी माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षकांकडे; मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी त्यांची तीन कार्यालयं आहेत. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांत, विषय एकच, उत्तराची मुदत ३० दिवस. मुलांची नावं मागू नका, त्या एका कारणावरून अर्ज फेटाळला जातो. फक्त संख्या मागा: मागच्या तीन वर्षांत ३० सप्टेंबरचा आठवी, नववी आणि दहावीचा पट, नववीत अनुत्तीर्ण किती, नववी-दहावीत दिलेले दाखले किती आणि कारणं कोणती, दहावीला नियमित बसलेले आणि उत्तीर्ण किती. ३० सप्टेंबर ही पटाची संदर्भतारीख असते. तारीख न घालता 'पटसंख्या द्या' एवढंच लिहिलं तर कधी जूनचा, कधी मार्चचा आकडा येतो आणि तीन वर्षांची बेरीज-वजाबाकी जुळत नाही.