वरूड ते मिहान: परदेशी माल सोडवण्याचा प्रवास आणि कागदावरील नावाची जबाबदारी

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने संत्र्याची प्रतवारी करणारे यंत्र आणि बागेतील जमिनीची ओल मोजून ती माहिती बिनतारी पाठवणारे सेन्सर चीनमधून मागवले होते. हा माल न्हावाशेवा बंदरात उतरून रेल्वेने नागपूरच्या कंटेनर डेपोत आला आणि तो सोडवण्यासाठी कंपनीच्या वतीने मी वरूडहून नागपूरला गेलो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील अनेक गट आता अशी यंत्रे थेट मागवण्याच्या विचारात आहेत, म्हणून वाटेतील सोयी-गैरसोयींपेक्षा कायदेशीर जबाबदारी नेमकी कोणाच्या अंगावर येते, याबद्दल मी अधिक लिहिणार आहे.

वाटेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. वरूडहून जलालखेडा, काटोल या मार्गाने जाणारी सकाळची एसटी धरावी, गणेशपेठ बसस्थानकावरून सीताबर्डी गाठावे आणि तेथून मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेने शेवटच्या खापरी स्थानकापर्यंत जावे. मिहान या औद्योगिक क्षेत्रातील डेपोसाठी पुढे ऑटो करावा लागतो आणि परतीच्या ऑटोचे त्याच वेळी ठरवून ठेवलेले बरे. डेपोच्या फाटकावर मूळ ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र दाखवावे लागते. उन्हाळ्यात गेलात तर पाणी आणि दुपट्टा सोबत असू द्यावा, कारण तपासणीच्या वेळी उघड्या आवारात बराच काळ उभे राहावे लागते.

निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सीमाशुल्क आयुक्तालय सिव्हिल लाइन्समध्ये तेलंगखेडी रस्त्यावर आहे आणि डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा मार्गाच्या बाजूला आहे. तथापि २०२० पासून देशभर चेहराविरहित मूल्यांकन लागू झाल्यामुळे आपले बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विभागाकडे दाखल करायचे विवरणपत्र, तपासणारा अधिकारी नागपुरात असेलच असे नाही. तो चेन्नईत किंवा दिल्लीत बसलेला असू शकतो. त्याच्या शंका संगणकावर येतात आणि उत्तरे ऑनलाइनच द्यावी लागतात; कागदपत्रे सीमाशुल्क विभागाच्या ई-संचित या प्रणालीत चढवावी लागतात. त्यामुळे ‘साहेबांना भेटून सांगू’ या भरवशावर नागपूरची फेरी मारण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष जाण्याचा उपयोग मालाच्या तपासणीच्या वेळी उपस्थित राहण्यासाठी आणि अडलेल्या बाबी सीमाशुल्क विभागाच्या तुरंत सुविधा केंद्र या मदत कक्षात विचारण्यासाठी होतो.

आता जबाबदारीचा मुद्दा. निघण्यापूर्वी आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, “माल पाठवला त्यायनं, सोडवनार एजंट, मंग आपल्यावर काय येते?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गावात विचारला जातो आणि त्याचे उत्तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये पुरेसे स्पष्ट आहे. मालाची आयात झाल्यापासून तो देशांतर्गत वापरासाठी सुटेपर्यंत त्याचा मालक, लाभार्थी मालक आणि स्वतःला आयातदार म्हणवणारी व्यक्ती हे सर्व आयातदार ठरतात. लाभार्थी मालकाचा समावेश २०१७ मध्ये करण्यात आला. म्हणून ज्याच्याकडे आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, आहे अशा नागपूरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावावर माल आणला, तरी खरा मालक मागे लपू शकत नाही. आणि नाव देणारा व्यापारीही सुटत नाही. अशी उसनवारी ‘आपल्यातच आहे’ म्हणून सर्रास सुचवली जाते. आम्ही ती नाकारली आणि स्वतःचा संकेतांक काढला. अर्ज ऑनलाइन होतो व शुल्क ५०० रुपये आहे. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काही बदल नसला तरी, त्यातील माहिती पुन्हा पुष्टी करावी लागते, नाहीतर संकेतांक निष्क्रिय होतो. माल बोटीवर असताना हे लक्षात आले तर फार धावपळ होते. याखेरीज परकीय चलनाचे व्यवहार करण्याची परवानगी असलेल्या बँक शाखेचा एडी कोड सीमाशुल्क प्रणालीत नोंदवावा लागतो. गावातील शाखेला ती परवानगी असेलच असे नाही, म्हणून त्यासाठी अमरावती किंवा नागपूरची शाखा आधी पाहून ठेवावी.

शुल्काचे मूल्यांकन आयातदाराने स्वतः करायचे असते आणि अधिकारी ते तपासतो, ही पद्धत २०११ पासून आहे. बिल ऑफ एन्ट्रीतील माहिती अचूक व पूर्ण आहे, जोडलेली कागदपत्रे खरी आहेत आणि त्या मालावर असलेले कोणतेही निर्बंध पाळले गेले आहेत, याची हमी कलम ४६ नुसार आयातदार देतो. पाठवणाऱ्याने चुकीचे सांगितले, हा खुलासा आपल्याला त्या पाठवणाऱ्याशी भांडताना उपयोगी पडेल. सीमाशुल्क विभागापुढे त्याने जबाबदारी सरकत नाही. विक्रेते ‘किंमत कमी दाखवू का, नमुना म्हणून लिहू का’ असे फार गोडीने विचारतात. खोटे विधान किंवा कागद जाणूनबुजून वापरल्यास मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, एवढे त्यावर पुरे.

आमच्या मालापैकी प्रतवारीच्या यंत्राला कोणत्याही परवान्याची गरज नव्हती, तरी त्याची लाकडी पेटी मात्र नियमाखाली येत होती. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परदेशातून येणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेट्या आणि पॅलेट यांवर कीडनाशक प्रक्रिया झालेली असावी लागते. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवणे हा त्यातील नेहमीचा प्रकार आहे. प्रक्रिया झाल्याची खूण म्हणून लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का मारलेला असतो. माल कंटेनरमध्ये भरण्यापूर्वी त्या शिक्क्याचे प्रत्येक पेटीवरील छायाचित्र मागवून घ्यावे. संत्र्याच्या पट्ट्याने तर या नियमाला नावे ठेवूच नयेत. खोडकिडीचा त्रास आपल्याकडे आधीच पुरेसा आहे.

सेन्सरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. बिनतारी लहरी सोडणारे उपकरण, मग ते कितीही लहान असो, दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेच्या मान्यतेशिवाय आणता येत नाही. विनापरवाना वापराच्या लहरीपट्ट्यातील उपकरणासाठी ही मान्यता, जिला सगळे ईटीए म्हणतात, सरल संचार या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय मिळते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल लागतो. विक्रेत्याने प्रथम दाखवलेले सेन्सर ९१५ मेगाहर्ट्झवर चालणारे, अमेरिकेसाठी बनवलेले होते. आपल्याकडे अशा उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे, म्हणून त्या पट्ट्यातील मॉडेल लेखी मागितले आणि त्याचीच मान्यता हाती आल्यावर पैसे भरले.

सेन्सरसोबत येणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या हा आणखी वेगळा विषय आहे. त्यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि ती नोंदणी आयातदाराला नव्हे, तर बनवणाऱ्या कारखान्याला मिळते. परदेशी कारखान्याला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. म्हणजे ईटीए आपण धडपड करून मिळवू शकतो, पण ही नोंदणी कारखान्याने केलेली नसेल तर आपल्या हातात काहीच राहत नाही. आमच्या विक्रेत्याकडे ती नव्हती. आम्ही सेन्सर बॅटरीविना मागवले, तसा स्पष्ट उल्लेख बिलात आणि पॅकिंग यादीत करून घेतला आणि नोंदणीकृत बॅटऱ्या नागपुरात खरेदी केल्या. हाच मार्ग मी इतरांनाही सुचवीन.

दोन सभासदांचा आग्रह होता की कंटेनरमध्ये जागा आहेच, तर फवारणीचा एक ड्रोनही येऊ द्यावा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा जुळणीच्या संचातील ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरतेच अपवाद आहेत. सुट्या भागांची आयात मोकळी असली, तरी एक पूर्ण ड्रोन चार खोक्यांत विभागून त्याला सुटे भाग म्हणता येत नाही. ज्यांना ड्रोन हवा आहे त्यांनी भारतात प्रकार प्रमाणपत्र (त्या मॉडेलला तपासून दिलेली मान्यता) मिळालेला घ्यावा. यात बंदी असलेली वस्तू जप्त होणे एवढ्यावर भागत नाही. ती लपवण्यासाठी ज्या मालाचा आधार घेतला, तो मालही जप्तीस पात्र ठरतो. म्हणजे सर्व सभासदांच्या भागभांडवलातून घेतलेले यंत्र दोघांच्या हौसेपायी अडकले असते.

अट पूर्ण न करता आणलेला माल कायद्याच्या दृष्टीने प्रतिबंधित मालातच मोडतो, हे अनेकांना माहीत नसते. अशा मालाच्या आयातीबद्दल कलम ११२ नुसार मालाच्या किमतीइतका किंवा ५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त माल विमोचन दंड भरून सोडवण्याचा पर्याय असतो. पण माल प्रतिबंधित असेल तर तो पर्याय द्यायचा की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. आदेश मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते.

मालाचे काम पाहणाऱ्याला आपल्याकडे अजूनही क्लिअरिंग एजंट म्हणतात. कायद्यात तो परवानाधारक कस्टम्स ब्रोकर आहे. त्याने ग्राहकाची ओळख, आयईसी आणि जीएसटी क्रमांक पडताळणे आणि नियमांबद्दल योग्य सल्ला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र त्याने आपल्या वतीने केलेली प्रत्येक कृती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आपल्या माहितीने व संमतीने झाली असे कलम १४७ मानते. त्यामुळे कोऱ्या अधिकारपत्रावर सही देऊ नये आणि बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा दाखल होण्यापूर्वी मागवून स्वतः ओळीओळीने वाचावा. आमच्या ब्रोकरला आमचे प्रश्न फार वाटले असावेत, पण त्याने मसुदा दाखवला. जो दाखवत नाही, त्याच्याकडे काम देऊ नये. उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी हेही ध्यानात घ्यावे की कंपनीच्या हातून गुन्हा घडल्यास कलम १४० नुसार त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाते. आयातीचा ठराव म्हणूनच बैठकीत नीट मांडून इतिवृत्तात नोंदवावा आणि सर्व कागद पाच वर्षे जपावेत.

तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी पेट्यांवरील शिक्के पाहिले, सेन्सरची काही खोकी उघडली आणि त्यांवरील मॉडेल क्रमांक ईटीएशी ताडून पाहिला. खोक्यावर क्रमांकाच्या शेवटी एक जास्तीचे अक्षर होते. ते केवळ आवरणाचा रंग दर्शवते, असे उत्पादकाचे सहीनिशी पत्र आम्ही आधीच मागवून ठेवलेले असल्याने काम पुढे सरकले. हे पत्र नसते तर कंटेनर तेथेच राहिला असता आणि डेपोचे जमीनभाडे व जहाज कंपनीचे विलंबशुल्क चालू राहिले असते. बिल ऑफ एन्ट्री वेळेत दाखल केले नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकारले जातात, ते वेगळेच. शिवाय ३० दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार अभिरक्षकाला, म्हणजे माल ताब्यात असलेल्या डेपोचालकाला, मिळू शकतो.

माल सुटल्यावर कंटेनर गावापर्यंत न्यायचा असेल तर ई-वे बिल तयार करून घ्यावे आणि शेडवर माल उतरवण्यासाठी हायड्रा क्रेन आदल्या दिवशीच ठरवावी. संत्र्याच्या हंगामात ती ऐनवेळी मिळत नाही. जहाज कंपनीचे विलंबशुल्क रिकामा कंटेनर परत जमा होईपर्यंत मोजले जाते, म्हणून ट्रक त्याच रात्री काटोलमार्गे परत पाठवावा आणि जमा केल्याची पावती चालकाकडून मोबाईलवर मागवून घ्यावी.